बडोद्याचे आकडे वाचायला बडोद्याचीच मुलं ठेवा

प्रति,
वडोदरा महानगरपालिकेचे सर्व नगरसेवक आणि अधिकारी,
खंडेराव मार्केट, बडोदा.

विषय: डेटा सायन्स आणि सार्वजनिक धोरण शिकलेल्या मुलांना शहराच्या कारभारात कायमची जागा देण्याबाबत.

स. न. वि. वि.

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार केला. शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, आणि मंडपामागे चहा घेताना बी.एससी.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी माझ्यापाशी आली. "ताई, तुम्ही केलंत ते डेटा आणि पॉलिसीचं मी केलं, तर बडोद्यात नोकरी मिळेल?" तिची आई शेजारीच उभी होती. मी म्हटलं, नोकरी मिळेल, पण बडोद्यात म्हणशील तर सांगता येत नाही. आई काही बोलली नाही, मुलीच्या हातातला रिकामा कप तेवढा घेतला. घरी आले तरी ते उत्तर मला बोचत राहिलं. पुरं उत्तर देणं माझ्या हातात नाही, तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी दांडिया बाजारात वाढले. सयाजीराव विद्यापीठातून स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एससी. केलं आणि मग बाहेर जाऊन डेटा सायन्स आणि सार्वजनिक धोरण या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलं. पॉलिसी म्हटल्यावर माझ्या काकूला एलआयसीची पॉलिसी वाटली होती. तिची काही चूक नाही, आपल्याकडे घरात येणारी पॉलिसी तीच. मी तिला सांगितलं की सरकार जे ठरवतं, म्हणजे पाणी किती वाजता सोडायचं, दवाखाना कुठे काढायचा, कर कुणाला किती लावायचा, त्याला धोरण म्हणतात. ते ठरवताना अंदाजाऐवजी मोजून ठरवायचं, आणि ठरवल्यावर फरक पडला का तेही मोजायचं, हे आम्ही शिकतो. काकू म्हणाली, "मग हे आधी कोणी करत नव्हतं का?"

करत होते, आणि याच गावात करत होते. १८७४ मध्ये बडोदा संस्थानाचे दिवाण झालेले दादाभाई नौरोजी आकड्यांचाच माणूस. १८६७-६८ साठी त्यांनी हिशेब मांडला की हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये पडतं. मग त्यांनी तुरुंगांचे सरकारी हिशेब काढले आणि कैद्याच्या अन्नवस्त्राला वर्षाला ३४ रुपये लागतात हे दाखवलं. दोन्ही आकडे इंग्रजांच्याच कागदांतून काढलेले. मोकळ्या माणसाला कैद्याइतकंही मिळत नाही, हे सिद्ध करायला त्यांना आवाज चढवावा लागला नाही. आमच्या वर्गात हे उदाहरण कोणी शिकवलं नाही. मी ते परत आल्यावर वाचलं आणि दोन दिवस त्याच विचारात होते.

सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी एकट्या अमरेली तालुक्यात सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्याला लागू केलं. आधी थोडक्यात करून पाहायचं, काय अडतं ते बघायचं आणि मगच पसरवायचं. आज याला पायलट म्हणतात आणि त्यासाठी मोठमोठे सल्लागार बोलावतात. महाराजांनी मुलांना परदेशी शिकायला पाठवलं तेही एका हिशेबाने. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला बडोदे सरकारची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हाच परतल्यावर दहा वर्षं राज्याची नोकरी करण्याचा करार झाला होता. म्हणजे शिकवतानाच काम ठरलेलं होतं. १९१७ मध्ये ते आले, पदही मिळालं, पण जातीमुळे या शहरात कोणी त्यांना राहायला जागा दिली नाही आणि त्यांना बडोदा सोडावं लागलं. त्यांच्या दुःखाशी आमच्या अडचणींची तुलना करण्याचं माझ्या मनातही येणार नाही. जागा न मिळाल्यावर ते इथल्या कमाटी बागेत एका झाडाखाली बसले होते. तरी त्या बागेवरून जाताना दर वेळी वाटतं, शिकून आलेल्या माणसाला हे शहर एकदा मुकलं आहे, आणि ते किती मोठं मुकणं होतं हे आता सगळ्या जगाला माहीत आहे.

आता २०२४ च्या पुराकडे येते.

माझ्या आत्याचं घर विश्वामित्री नदीपासून फार लांब नाही. तिच्या जिन्याच्या भिंतीवर आतोबांनी सुताराच्या जाड पेन्सिलीने चार रेघा ओढल्या आहेत: २००५, २०१४, २०१९, २०२४. शेवटची रेघ सगळ्यांत वर. ती त्यांनी चिखल धुऊन काढण्याच्या आधी ओढली, नाहीतर खूण पुसली गेली असती. काळा घोड्याच्या पुलापाशी नदी २६ फुटांवर आली की धोका, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. त्या ऑगस्टमध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली. आत्याच्या फोनवर मेसेज येत होते: आजवा सरोवराची पातळी इतकी, काळा घोड्याची इतकी. ती मला फोनवर म्हणाली, "मला फूट कळत नाहीत गं. माझी कितवी पायरी, ते सांग."

मला सांगता आलं नाही. एवढं शिकून सांगता आलं नाही.

पाणी उतरल्यावर मी वही आणि टेप घेऊन त्या गल्लीत हिंडले. बऱ्याच घरांत खुणा होत्या. कुणाच्या दाराच्या चौकटीवर खिळ्याने ओरखडा, कुणाच्या तुळशीवृंदावनावर पांढरी रेघ, एका घरात देवघराच्या फळीवर अजून गाळ होता आणि तो पुसायचा नाही असं तिथल्या आजींनी ठरवलं होतं, मुलगा नडियादहून येऊन बघेल तोवर. मी प्रत्येकाला तेच विचारत होते: पाणी किती वाजता आलं, कुठून आलं, मेसेज आधी आला की पाणी? आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली. रस्त्यावरून पाणी आत शिरण्याच्या बऱ्याच आधी ते न्हाणीच्या मोरीतून वर आलं होतं. नदी चढली की पावसाळी गटारांची तोंडं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं फिरतं. ज्या घरांनी दाराला वाळूच्या गोण्या लावल्या त्यांच्याही मोरीतून पाणी आलंच. अशा गल्लीला नदीकाठची भिंत पुरत नाही, गटाराच्या तोंडाला उलटं पाणी अडवणारी झडपही लागते, आणि कोणत्या तोंडाला आधी लागते हे घराघरांतल्या रेघांवरून कळतं. जिन्यावरची एक रेघ, काळा घोड्याच्या मापपट्टीचा त्या तासाचा आकडा आणि जमिनीची उंची, हे तिन्ही एकत्र मांडलं की आत्याला तिची पायरी सांगता येते. संगणकाचं काम त्यात चार दिवसांचं असेल. बाकीचं सगळं घरोघर जाण्याचं, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जाण्याचं. ते पुन्हा जाणं पगारावर असलेला माणूसच करू शकतो.

पगाराचा विषय निघाला आहे तर अनुभव सांगते. शिक्षण संपल्यावर एका शहरातल्या एका सरकारी कचेरीत मी अकरा महिन्यांच्या करारावर होते. नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका कचेरीची नाही. डेंग्यूच्या रुग्णांची यादी एका विभागाकडे होती आणि साचलेल्या पाण्याच्या तक्रारींची दुसऱ्याकडे. दोन्ही एकत्र लावायच्या होत्या. एकाच सोसायटीचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं: कुठे 'नगर', कुठे 'पार्क', कुठे बिल्डरचं नाव, कुठे नुसतं 'टाकीमागे'. मी दोन महिने एक-एक नाव जुळवत बसले. कचेरीतले जुने शिपाई माझ्याजवळ बसायचे आणि सांगायचे, "हे टाकीमागे म्हणजे जुनी टाकी, ती पाडली." त्यांच्याशिवाय ते काम झालंच नसतं. नावं जुळली तेव्हा तक्रार आणि ताप कुठे बरोबर चालतात ते दिसायला लागलं, आणि फवारणी कुठे आधी करायची हे साहेबांनी त्यावरून ठरवलंही. मग अकरा महिने पुरे झाले. मुदत वाढली नाही, लॅपटॉप जमा केला, नियमाप्रमाणे तो पुसला गेला. माझ्या जागी कोणी आलं नाही. जुळवलेल्या नावांची यादी आज तिथे कुणाकडे आहे, मला ठाऊक नाही. कोणी वाईट वागलं नाही. माणसाला कायमची जागा नसली की त्याने केलेलं कामही टिकत नाही, एवढंच तिथे झालं.

या पदवीनंतर मुलं जातात कुठे, हे तुम्हाला माहीत असायला हवं. काम नाही असं अजिबात नाही. बँका आणि विमा कंपन्यांना कर्जाची जोखीम मोजणारी माणसं हवी असतात, आणि आमच्यातली बरीच मुलं तिकडेच जातात, कारण पगार तिथे असतो. सल्लागार कंपन्या घेतात. योजनेचा फायदा खरंच पोहोचला का, हे तपासणाऱ्या संशोधन संस्था घेतात, तिथे पदाचं नाव बहुतेक वेळा रिसर्च असोसिएट. नीती आयोग तरुणांना करारावर घेतो. २०१८ पासून आकांक्षी, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांचा जो कार्यक्रम चालू आहे त्यात ११२ जिल्हे आणि प्रगती मोजायचे ४९ निर्देशक आहेत, आणि आपल्या बाजूचे दाहोद आणि नर्मदा हे दोन जिल्हे त्यात आहेत. राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामुळे दवाखाने, शाळा, पतपेढ्या, सगळ्यांना कोणती माहिती ठेवायची आणि कोणती नाही हे सांगणारं माणूस लागणार आहे. २०२७ ची जनगणना पहिल्यांदाच मोबाईलवरून होणार आहे. २०११ नंतर जनगणनाच झाली नाही, म्हणजे आज कोणत्या वॉर्डात किती माणसं राहतात हे आपण पंधरा वर्षांमागच्या आकड्यांवरून ठरवतो आहोत. नवे आकडे आले की प्रत्येक शहराला ते वाचणारं कोणीतरी शोधावं लागेल.

हे बहुतेक काम दिल्ली, बेंगळुरू, गुरुग्राम, मुंबईत आहे, आणि सरकारी बाजूचं असेल तर वर्षा-दोन वर्षांचं. माझंच बघा. मी सध्या दिल्लीतल्या एका संस्थेचं काम दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत बसून करते. ओडिशातल्या अंगणवाड्यांत मुलांची वजनं कोणत्या महिन्यात नोंदली गेली नाहीत, हे मला तोंडपाठ आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला अंगणवाडी आहे, तिथलं मला काहीच माहीत नाही. तिथल्या ताई रोज सकाळी माझ्या खिडकीखालून जातात. कधी कधी मी हात करते.

त्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीशीही इथेच बोलते, म्हणजे तुमच्यासमोर. अगं, ही पदवी घे, पण डोळे उघडे ठेवून घे. तुझ्या बी.एससी.त स्टॅटिस्टिक्स आहे, ते सोडू नकोस. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला बसायला पदवीत किंवा पदव्युत्तरमध्ये स्टॅटिस्टिक्स लागतंच. माझ्या वर्गात इंजिनिअरिंग करून आलेले हुशार मित्र होते, त्यांना हा रस्ता बंद होता, आणि हे त्यांना प्रवेश घेतल्यावर कळलं. सांख्यिकी सेवा ही या क्षेत्रातली खरी कायमची नोकरी, तेव्हा तिची वयाची अट आत्ताच वाचून ठेव. अभ्यासक्रम निवडताना वेबसाईटवरचे हसरे फोटो बघू नकोस. मागच्या दोन वर्षांची मुलं कुठे आहेत ते विचार, त्यांतल्या तिघांना फोन कर आणि फी बाबांबरोबर बसून मोज. परदेशातल्या दोन वर्षांचं कर्ज घेऊन एनजीओच्या पगारावर परत येणं किती जड जातं, ते मी मैत्रिणींच्या घरी पाहिलं आहे. कोडिंग तू शिकशील, ते सगळेच शिकतात. त्याबरोबर अंदाजपत्रक वाचायला शिक आणि गुजरातीत लिहिलेला तक्रार अर्ज नीट समजून घ्यायला शिक. बडोद्याच्या मराठी मुलांना तीन-चार भाषा घरबसल्या येतात, ते फार मोठं भांडवल आहे, आणि आपल्याला ते भांडवल वाटतच नाही.

आता तुमच्याकडे मागणं. स्मार्ट सिटी मिशनमध्ये बडोदा होतं. त्या मिशनच्या काळात केंद्राच्या गृहनिर्माण आणि शहरी कार्य मंत्रालयाने शंभरही शहरांना सांगितलं होतं की एक सिटी डेटा ऑफिसर नेमा. विचार चांगला होता. ३१ मार्च २०२५ रोजी मिशन संपलं. मिशनमधून आलेली खांबांवरची दिव्यांची रांग मिशन संपल्यावरही जळते, मग आकडे वाचणारं पद मिशनबरोबर का संपावं? ते शहराच्या स्वतःच्या आस्थापनेवर यावं, मंजूर पद म्हणून, भरतीच्या नियमांसह, आणि 'शैक्षणिक पात्रता' या ओळीत आमच्या विषयाचं नाव यावं. गेली तीन वर्षं मी देशभरातल्या पालिकांच्या जाहिराती वाचते आहे. त्या ओळीत सिव्हिल असतं, कॉम्प्युटर असतं, वाणिज्य असतं. या ओळीसाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही, भरतीच्या नियमांत दुरुस्तीचा ठराव लागतो, आणि ठराव तुमच्याच सभागृहात येतो.

एक माणूस नेमून भागणार नाही, हेही सांगते. एकटा माणूस दर आठवड्याला सादरीकरणं करत बसतो. निदान तिघं हवीत: पावसाळी गटारांच्या विभागात एक, आरोग्यात एक, मिळकत करात एक. त्यांना विभागातल्या जुन्या माणसांशेजारी बसवा, वेगळ्या काचेच्या खोलीत नको. जे जुन्या शिपायांना ठाऊक असतं ते कुठल्याच फाईलमध्ये नसतं, आणि ती माणसं निवृत्त होत आहेत. सयाजीराव विद्यापीठातल्या मुलांना उन्हाळ्यात दोन महिने कामाला घ्या, पण मानधन देऊन घ्या. फुकट काम ज्याच्या घरी दुसरा पगार आहे त्यालाच परवडतं, आणि मग वाडीतली किंवा पाणीगेटची रिक्षावाल्याची मुलगी कधीच तुमच्या कचेरीपर्यंत येणार नाही. तिलाच कळतं की टँकर कुठल्या कोपऱ्यावर थांबतो.

पैसे नाहीत असं म्हणाल. पुरानंतर पंप, सफाई, औषधं, नुकसानभरपाई यांवर काय जातं ते तुमच्याच अंदाजपत्रकात आहे. तीन पगार त्याच्या शेजारी लिहून पाहा.

मी वही सांभाळून ठेवली आहे. त्यात गल्लीतल्या प्रत्येक घराची खूण, तिची जमिनीपासूनची उंची आणि पाणी आलं ती वेळ आहे, घरच्यांनी सांगितली तशी. ही वही मी तुम्हाला द्यायला तयार आहे. मोबदला नको, पण हे काम पुढे कोण चालू ठेवणार त्याचं नाव मला कळलं पाहिजे, म्हणजे त्याला किंवा तिला मी एक दिवस गल्लीत घेऊन जाईन आणि घरं दाखवीन. मी कोणत्याही मंगळवारी खंडेराव मार्केटला येऊ शकते. सकाळी अकरानंतर बोलावलंत तर बरं, आधी दिल्लीची मीटिंग असते. आत्यालाही बरोबर आणीन, तिला तिच्या पायऱ्यांबद्दल विचारायचं आहे.

आपली,
दांडिया बाजारातली एक रहिवासी